बेल न दाबणारे आजोबा

नॉटिंगहॅमच्या बसमध्ये एक गोरे आजोबा रोज माझ्या शेजारी बसायचे. व्हिक्टोरियन काळातल्या तुरुंगकवितांचं पुस्तक ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचे. तिथं उतरणाऱ्यानंच बेल दाबायची असते, पण हे उतरायचं असलं तरी दाबत नसत. दुसऱ्या कुणीतरी दाबायची वाट बघत.

एकदा न राहवून मी विचारलं, "याच कविता का?"

"नऊ वर्षं जेलमध्ये होतो. दारसुद्धा दुसऱ्यानंच उघडायचं. वाचायला तिथंच शिकलो."

मी आपलं भाषाज्ञान पाजळलं. "आमच्या मराठीत पनिशमेंटला शिक्षा म्हणतात. हिंदीत तोच शब्द एज्युकेशनला."

"शिक्षा," त्यांनी शब्द तोंडात घोळवला. "मला दोन्ही एकाच खोलीत मिळाल्या."

त्यांचा स्टॉप आला. बेलकडे बघत ते थांबले. मी दाबली.