दोन बोटं ढिलं

फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये होते. "भाऊकाका गेले. चहा घेताघेताच..." एवढंच बाबा बोलू शकले. मला आधी त्यांचा ट्रॅक्टर आठवला. कारण काकांशी मी शेवटचं जे बोलले होते, ते खोटं होतं.

भाऊकाका बाबांचे थोरले भाऊ. गोरव्याच्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभे राहिले. आमच्या गोत्रीच्या शेतावर सोसायटी उभी राहिली, पण जुना ट्रॅक्टर त्यांनी अंगणात ठेवला. स्टिअरिंग ढिलं झालं की मला सीटवर बसवून स्वतः खाली आडवे व्हायचे. मी ते डावी-उजवीकडे हलवायचं, पुढचं चाक हलेपर्यंत किती बोटं फिरलं ते सांगायचं. काका सांध्यांवर हात ठेवून झिजलेला शोधायचे. मी आकडा पुटपुटायचे. "इंग्लिश शाळेत आवाज जमा करून घेतात काय गं?" खालून यायचं. 'चालशे', म्हणजे 'चालेल', या गुजराती शब्दाची त्यांना चीड होती. मिस्त्री तसं म्हणाला की काम काढून घ्यायचे.

या दिवाळीनंतर त्यांचे गुडघे वळेनात, म्हणून आम्ही जागा बदलल्या. ते सीटवर, मी खाली. डावीकडचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, आम्ही बदलला, त्यात दुपार गेली. पुन्हा तपासताना उजवीकडचाही माझ्या तळहाताखाली खडखडला. वर काकांना धाप लागली होती.

"झालं ना, बेटा?"

"चालेल, काका."

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर ठीक."

तीन आठवड्यांनी ते गेले. दिवसकार्य झाल्यावर निखिलदादा, त्यांचा मुलगा, ट्रॅक्टर पादरा गावी सासऱ्यांच्या शेतावर न्यायला निघाला. तो वर चढला, किल्ली लावली... काकू दारात उभ्या होत्या.

"दादा, उतर!" मी ओरडले. "उजवा सांधा ढिला आहे. मला माहीत होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "हिला आवाज आहे होय!" म्हणत दादा उतरला आणि खाली आडवा झाला. सीटवर मी बसले. स्टिअरिंग हळूच फिरवलं. एक बोट, दोन बोटं... मग कुठे चाक हललं.

त्या दुपारी इथे काका बसले होते. ही दोन बोटं त्यांच्या हाताला लागलीच असणार.

"किती आहे?" दादाने खालून विचारलं.

"दोन बोटं," मी पुटपुटले.