मावसाजींचा आसाम

वर्धा जिल्ह्यात हट्टी माणसांची कमी नाही, पण एका झाडापायी लग्नाच्या बायकोला स्वतःच्याच बैठकीत छत्री घेऊन बसायला लावणारा इसम एकच, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. मावसाजी कृषी सहायक होते. कपाशीला काय घाला नि सोयाबीनवर काय फवारा, हे देवळीकडच्या शेतकऱ्यांना सांगण्यात त्यांची उभी नोकरी गेली. ऐकलं कोणी नाही, तो भाग वेगळा. नालवाडीतल्या घरी मात्र त्यांनी कधी तुळससुद्धा लावली नाही. विचारलं तर म्हणायचे, "डॉक्टर घरी पेशंट ठेवते काय?"

अशा माणसाला त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, होळीला बंगलोरहून येताना, ऑर्किड आणून दिलं. लांब दांडीवर सात जांभळी फुलं. जाताना म्हणाली, "बाबा, मले रोज दाखवजा." तोवर तिचा फोन पंधरा दिवसांतून एकदा यायचा, तोही 'जेवले का? बरं, ठेवते' एवढाच. आता रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल. पाच मिनिटं फुलं बघायची आणि मग अर्धा तास आईबापाशी गप्पा. माझा मुक्काम तेव्हा त्यांच्याकडेच होता. एकदा मावसाजींनी मला मागच्या अंगणात नेलं आणि मावशीला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं, "फूल हाये तवरच फोन हाये. फूल गेलं का पोट्टी पुन्हा पंधरा दिवसांवर गेली." पुढचा सगळा धुमाकूळ त्या एका वाक्यापायी झाला.

पहिला अपमान कुंडीने केला. आत माती नव्हतीच, नुसती लाकडाची सालपटं! दुकानदाराने लेकीला फसवलं म्हणून मावसाजी देवळीहून घमेलंभर काळी माती घेऊन आले, आणि लेक फोनवर किंचाळली म्हणूनच ते झाड वाचलं. "काळ्या मातीले नाई म्हणणारं पीक पयल्यांदाच पाहून राह्यलो मी," असं म्हणून ते दोन दिवस अर्धी पोळीच जेवले. मग मुळ्या कुंडीबाहेर निघून हवेत लोंबायला लागल्या. झाड पळून जायच्या बेतात आहे अशी त्यांची खात्री झाली आणि ते येताजाता एकेक मूळ बोटाने आत ढकलू लागले.

एप्रिलात ऊन तापलं. लेक सहज बोलून गेली की हे झाड मूळचं आसामकडच्या ओल्या हवेतलं. झालं! दुसऱ्या दिवशी कूलर झाडासमोर गेला आणि बैठकीत आडव्याउभ्या दोऱ्या बांधून मावसाजींनी ओल्या चादरी टांगल्या. दर तासाला त्या भिजवायच्या. आष्टीहून एक पाहुणे लग्नाची पत्रिका द्यायला आले, ते चादरींतून वाट काढत आमच्यापर्यंत पोहोचले तेव्हा पत्रिकेवरचं कुंकू आणि नवरदेवाचं नाव दोन्ही वाहून गेलेलं होतं. रागाने ते चहा न घेताच परतले. लग्न कोणाचं होतं ते आम्हाला अजून माहीत नाही. मावशी छत्री खांद्यावर टेकवून लसूण सोलायची. "माह्या वड्यायले बुरशी लागली न बाप्पा! आता माह्याच अंगावर शेवाळ यायचं बाकी हाये!" मावसाजी खूश होऊन म्हणायचे, "म्हंजे हवा जमून राह्यली."

पण फुलाचं आयुष्य फुलाइतकंच. मे उतरणीला लागला आणि फुलं गळायला लागली. आता यात माझं नाव यायला नको होतं, पण आलं. गळलेल्या प्रत्येक फुलाच्या जागी जांभळ्या कागदाचं फूल कापून द्यायचं काम मावसाजींनी माझ्यावर टाकलं, आणि त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवलं नाही. ते डिंकाने चिकटवायचे आणि फोन लांब धरून म्हणायचे, "आज नेट बराबर नाई बेटा." आठवडाभरात सातही फुलं माझ्या हातची झाली.

त्या ओल्या हवेत डिंक किती टिकणार? एका संध्याकाळी, लेक बघत असतानाच, कूलरच्या वाऱ्याने एक फूल उडालं. मग दुसरं. तिसरं मावसाजींच्या टकलावर जाऊन बसलं. त्यांनी ते काढलंही नाही. "आज जरा वारा हाये," एवढंच पुटपुटले. फोन त्यांच्या हातातून मीच घेतला.

"बाबा, मले आठ दिवसांपासून ठाऊक हाये," लेक म्हणाली. "पयल्या कागदापासून."

"मंग रोज फोन काऊन करत होती?"

"फुलासाठी करत होती काय मी?"

मला हसू येत होतं आणि रडूही. चादरीआडून मावशीने छत्री मिटल्याचा आवाज आला. मावसाजींनी टकलावरचं फूल काढून हातात घेतलं.

"घरी येजो बेटा," ते शेवटी म्हणाले. होळीपासून त्यांना एवढंच म्हणायचं होतं.