तोफवाला कुणाच्या गटातला

आप्पांच्या हातात दोन सुया टोचून, मशीन चालू करून सिस्टर निघून गेली की पुढचे चार तास आम्हा बापलेकींना काही काम नसायचं. डायलिसिस म्हणजे नुसतं बसून राहायचं दुखणं. सुरुवातीला आप्पा छताकडं बघत पडून राहायचे आणि मी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायचे. एक दिवस ते वैतागले. "काय बघतीस गं एवढं? मला बी दाव की."

मी वाचत होते. समुद्रावरच्या चाच्यांची एक जपानी चित्रकथा आहे, मंगा म्हणतात तिला. आठवड्याला एक भाग येतो. अकरावीत असताना मला तिचं वेड लागलं, आता पस्तिशी आली, केस पांढरे व्हायला लागले, तरी गोष्ट काही संपत नाही. मी गणिताच्या शिकवण्या घेते, आणि माझी पोरं मला हसतात, की मॅडम अजून कार्टून वाचतात. हसू देत. आई गेली तेव्हा, नोकरी सुटली तेव्हा, लग्न मोडलं तेव्हा याच जहाजावर जाऊन बसलेय मी. त्या जहाजावरचं कुणी कुणाला सोडून जात नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी वाचायचे.

आप्पांना थोडक्यात सांगितलं. हा लाल कोटातला कप्तान. ही त्याची माणसं. तिकडं मोठमोठ्या टोळ्या, त्यांची आपापसात भांडणं, आज गळ्यात गळा आणि उद्या तलवारी. म्हटलं, दहा मिनिटांत जांभया देतील. कुठलं काय! आप्पांची सगळी हयात साखर कारखान्याच्या राजकारणात गेलेली. पॅनेल बांधायचं, पॅनेल फोडायचं, कुणाची माणसं कुणाच्या गाडीत बसली हे लांबून ओळखायचं, हेच केलेलं जन्मभर. चष्मा लावून त्यांनी मोबाइल नाकाशी धरला आणि म्हणाले, "म्हंजे ह्यो कोटवाला चेअरमन. आणि ह्यो आडव्या मिश्यांचा इरोधी प्यानेलचा. व्हय न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून मी मागचे भाग पहिल्यापासून त्यांना वाचून दाखवू लागले. इंग्रजीतनं वाचायचं आणि आपल्या मराठीत सांगायचं. त्यांना मारामारीत गोडी नव्हती. तलवार चालली की म्हणायचे, पुढं चल. टोळ्यांची बोलणी सुरू झाली की मात्र डोळे लकाकायचे. एकदा दोन टोळ्यांची युती झाली, जेवणावळ बसली. आप्पांनी चित्रावर बोट ठेवलं. "ह्यो फुटणार बघ. सगळी ताटाकडं बघत्यात, आणि ह्यो दाराकडं तोंड करून बसलाय." तीन भागांनंतर तो खरंच फुटतो, हे मला आधी वाचून ठाऊक होतं. मी ओरडलेच, "च्यामारी, आप्पा!" सिस्टर धावत आली, मशीनला काय झालं म्हणून.

त्यांना दिवसाला मोजकंच पाणी पिता यायचं. पानापानावर समुद्र बघून म्हणायचे, "एवढं पाणी, आणि आमच्या नशिबी घोटभर न्हाय." आणि स्वतःच हसायचे. 

वाचत वाचत आम्ही चालू भागापर्यंत पोचलो, आणि मग मलाही नवा असलेला तोफवाल्याचा भाग आला.

हा बुटका तोफवाला कप्तानाच्या अगदी पहिल्या दिवसापासूनचा सोबती. त्याचा नेम म्हणजे नाद खुळा, कधी चुकला नाही. आणि त्या भागात तो कप्तानासमोर उभा राहिला, उद्यापासून मी मिशीवाल्याच्या आरमारात जातोय म्हणाला, आणि गेला. कारण एका ओळीत होतं. त्याचा मुलगा तिकडं त्यांच्या ताब्यात होता. मी रागानं मोबाइल उशाला आपटला. "शेवटी कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!"

 आप्पांनी चष्मा काढून पोटावर ठेवला. म्हणाले, "त्यो फुटला न्हाय. फुटणारा सांगून जात न्हाय. ह्यो तोंडावर सांगून गेला."

मी उशाकडचा मोबाइल उचलून बंद केला. कारण आमच्या घरात सांगून गेलेला एक माणूस होता.

आप्पांचा धाकटा भाऊ, माझा काका. आप्पा त्याला बारक्या म्हणायचे. आजोबा लवकर गेले, तेव्हा आप्पांनीच त्याला सायकलवर डबलसीट घेऊन शाळेत सोडलं, त्याचं लग्न लावलं. आप्पा कारखान्याच्या संचालकपदाला उभे राहिले ते कपबशी चिन्हावर. सत्तेत होते ते छत्रीवाले. काकाचा पोरगा कारखान्यात रोजंदारीवर होता, आणि छत्रीवाल्यांनी त्याला कायम करायचा शब्द दिला. मतदानाच्या आदल्या दिवशी काका आमच्या उंबऱ्यावर उभा राहिला. आत आला नाही. "दादा, उद्या मी छत्रीच्या बूथवर बसणार हाय." आप्पा म्हणाले, "बस." आप्पा पडले. त्याच्यानंतर दोघा भावांत शब्द नाही. शेताचा बांध एक, पण हा सकाळी गेला तर तो दुपारी जायचा. पुढं आजारपणामुळं आप्पांना मी शहरात माझ्याकडं आणलं, आणि काकाचं नावच घरात टाकलं. कुणी काढलं तर मी अंगावर जायचे. माझी जीभ तिखट आहे, सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्या भागात लढाई होती. तोफवाला आपल्याच जुन्या जहाजावर गोळे टाकत होता आणि एकही लागत नव्हता. "नेम चुकवतोय त्यो. मुद्दाम," आप्पा म्हणाले. त्या दिवशी ते फार खुशीत होते, सिस्टरला नावगाव विचारलं. त्याच्या पुढच्या भागात मात्र गोळा लागला. मी वाचता वाचता थांबले.

"लागला?"

"लागला, आप्पा."

"कुठं?"

"डोलकाठीला."

"माणूस कोण मेलं न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे. डोलकाठी काय, दुसरी बशिवता येती."

त्यानंतर मशीनवर पडले की पहिला प्रश्न एकच. तोफवाला आला का परत? मी सांगायचे, नाही. मग एका दिवशी म्हणाले, "कप्तानानं त्याला निरोप धाडला का?"

"नाही धाडला."

"मग कसा येईल त्यो? तोंडावर सांगून गेलेला माणूस निरोपाबिगर कसा येईल?"

हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. खिडकीकडं तोंड होतं. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. माझा बाप कुणासमोर वाकलेला मी पाहिला नाही, आणि आता तो एका चित्रातल्या तोफवाल्याच्या आडून भावाला हाक मारत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलंच होतं की हृदय थकलंय, आता फार दिवस धरू नका. माझा राग त्या दिवशी मी गिळला. जिन्यात गेले आणि काकाला फोन लावला.

"काका, आप्पा थकल्यात. एकदा येऊन जावा."

 पलीकडनं काकाचा बारीक आवाज आला. "दादानं बोलिवलंय?"

"व्हय," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"पोरी, फारम भरून झाल्यात. कारखान्याची निवडणूक तोंडावर हाय. आत्ता दादापाशी मला कुणी बघितलं तर सांजपतोर गावभर हुईल, ह्यो फुटला म्हणून. पोराची नोकरी हाय तितं. मतदान झालं की त्याच दिवशी येतो. पेटी बंद झाली की निघतो. आईची शपथ."

मी फोन कट केला. असा संताप आला होता की जिन्याच्या कठड्यावर हात आपटून घेतला. आत येऊन आप्पांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, आता तरी शिवी हासडतील. आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "बरुबर हाय त्याचं. आत्ता आला तर दोन्हीकडनं जाईल बिचारा." मग माझ्याकडं वळून, "येतो म्हणला न्हवं?"

"येतो म्हणाला."

"काठी मारून पाणी तुटत न्हाय गं," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडले. चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की माझा राग मलाच लाजिरवाणा वाटला.

आणि मग मतदान पुढं ढकललं. नद्या पात्राबाहेर गेल्या, रस्ते पाण्याखाली, सगळ्या निवडणुका लांबणीवर. नवी तारीख नाही. त्याच आठवड्यात मंगाचाही भाग आला नाही, लेखक विश्रांतीवर आहे एवढीच एक ओळ. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "त्यानं बी पुढं ढकललं व्हय?" हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. आम्ही जुनेच भाग काढून वाचू लागलो. तोफवाला जहाजावर होता तेव्हाचे, सगळे एका पातेल्यातनं जेवायचे तेव्हाचे. आप्पा म्हणायचे, हेच वाच.

पाऊस ओसरला तोवर आप्पांना उठून बसता येईना. अतिदक्षता विभागात हलवलं. तिथं मोबाइल न्यायचा नाही, वाचायचं नाही, नुसतं भेटायचं. मी गेले की डोळे उघडायचे आणि विचारायचे, "मतदान कधी हाय?" एकदा नव्हे, रोज. गोष्टीचं नाव नाही, दुखतंय म्हणून तक्रार नाही. तिथली सिस्टर तोंडाला हात लावून हसायची. "कमाल आहे बाई तुमच्या बाबांची! नाकात नळी आहे तरी निवडणूक सुटेना. एवढं कुणाला मत द्यायचंय?"   मी आप्पांच्या कानाशी वाकून म्हणायचे, जवळ आलंय आता. आणि तारीख जाहीर होऊन छापील पत्रकं वाटली जात होती त्याच आठवड्यात आप्पा गेले.

गावी नेलं. काका पांदीच्या तोंडाशीच उभा होता. त्यानं खांदा दिला तो स्मशानापर्यंत बदलू दिला नाही. दोन्ही पॅनेलची माणसं हजर होती, आणि त्या दिवशी कुणी त्याला फुटला म्हणालं नाही. मयताला आलेल्याला फुटला म्हणत नाहीत.

रक्षाविसर्जनाला नदीकाठी पुन्हा सगळे जमले. पांढऱ्या कपड्यांतले पुढारी एकेक करून आप्पांविषयी चांगलं बोलले. मी काकाला काय काय सुनवायचं ते मनाशी घोकून आले होते. तो गर्दीतनं वाट काढत माझ्याजवळ आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. खालच्या आवाजात म्हणाला, "दादा शेवटाला काय म्हणला गं?"

घोकलेलं सगळं गेलं कुठच्या कुठं. खरं होतं ते मी सांगितलं.

"रोज एकच विचारायचे, काका. मतदान कधी हाय."

"रविवारी," काका बोलून गेला. गेले आठ दिवस गावात जो तो त्याला हेच विचारत होता, त्यामुळं उत्तर जिभेवरच होतं. मग त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि तो तिथंच ओल्या वाळूत मटकन खाली बसला. छत्रीवाले धावले, कपबशीवाले धावले, दोन्हीकडनं त्याच्या दंडाला धरून उठवायला लागले. तो कुणालाच हात देईना.