आलाबला आणि लाल बटण

मागच्या महिन्यात गावी, हट्ट्याला, आईकडे जाऊन आले. खरं तर भांडायलाच गेले होते म्हणा ना...

मी बंगळुरात मोबाईलच्या स्क्रीनचं काम करते. काचेच्या आत डोळ्यांना न दिसणारी एक जाळी असते, बोट कुठे टेकलं ते तिच्यामुळे फोनला कळतं. त्या जाळीच्या एकेका रेषेची तार स्क्रीनच्या कडेकडेनं खाली चिपपर्यंत न्यायची, हे माझं काम.

आणि लोकांना तर कड नकोच असते! काळी पट्टी अजून बारीक करा, अजून बारीक करा... मग आम्ही तारा केसाहून बारीक करून दाटीवाटीनं बसवतो, आणि शेजारशेजारच्या तारा एकमेकींच्या कुरापती काढत नाहीत ना, ते बघत बसतो. मागे एका मॉडेलची खालची पट्टी आमच्या टीमनं जवळजवळ नाहीशीच केली. ऑफिसात केक कापला. तो फोन बाजारात आल्या आल्या मी आईला पाठवला... मिरवायला दुसरं आहे कोण मला?

आणि तेव्हापासून आई माझा व्हिडिओ कॉल मध्येच कट करायला लागली.

जयभीम व्हायचं, जेवलीस का व्हायचं, शेजारच्या कमलमावशीच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची. निरोपाची वेळ आली की... कट. 'बरं, ठेवते गं माय' नाही, काही नाही. आमच्याकडे ठेवते म्हटल्यावरसुद्धा आणखी चार गोष्टी निघतात हो! मला वाटलं, जयंतीला घरी गेले नाही त्याचा राग असणार. मीही तिचीच लेक, परत लावायचे नाही.

घरी पोचले तर बाईसाहेबांनी माझ्या आवडीचं वांग्याचं भरीत करून ठेवलेलं. रागाचं नावसुद्धा नाही. आता भांडू कशी?

संध्याकाळी राहुलचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, पुण्याहून कॉल आला. आईनं फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि समोर मांडी घालून बसली. मी शेजारीच ओसरीवर हळद निवडत होते, त्यामुळे सगळं दिसत होतं.

बोलणं संपत आलं. आई पुढे वाकली, आणि स्क्रीनवरच्या राहुलच्या कपाळापासून दोन्ही हात गालांवरून खाली हनुवटीपर्यंत फिरवले. मग स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. आलाबला घेतली हो लेकाची, त्याची इडापिडा स्वतःवर ओढून घेतली...

कॉल कट.

मला क्षणात उमगलं. तिचे दोन्ही हात हनुवटीखाली जिथे जुळत होते, नेमकं तिथेच कॉल बंद करायचं लाल बटण होतं. जुन्या फोनला तिथे चांगली बोटभर काळी पट्टी होती, बटण वर राहायचं, हात खाली पट्टीवर यायचे. ती पट्टी आम्हीच तर काढली... केक कापून!

मी हसणारच होते. तेवढ्यात आईनं फोन उचलून पदरानं पुसला आणि स्वतःशीच म्हणाली, "ठेवला त्यानं बी."

"त्यानं बी म्हणजे?"

"तुमी दोघंबी सारखेच. मी आलाबला घ्यायला गेले की तुमी फोन ठेवता. असू दे बाई... मोठी झालात. चारचौघांत मायच्या असल्या वागण्याची लाज वाटत असंल."

इतके दिवस ती हेच समजून बसली होती? आणि तरी दर वेळी हात पुढे करत होती?

"मग तरी घेतेस काहून?" मी विचारलं.

"मंग काय, घ्यायचीच न्हाई?"

मी तिला बटण दाखवलं, सगळं समजावलं. आम्ही नाही गं ठेवत, तुझ्या हातानं कट होतं. पटेना. मला परसात पाठवून स्वतः माझ्या फोनवर कॉल लावून बघितला, आलाबला घेतली, कट झाला, तेव्हा कुठे पटलं. मग जी हसायला लागली... हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "मेलं ते बटण! एवढी शिकली तू, अन् लेकराच्या हनवटीखालची जागा तेवढी काढून टाकली व्हय गं?"

ऑफिसात हे सांगितलं तर सगळे खो खो हसले. ओले हात, ग्लोव्हज, खिशातला घाम, कशाकशाची चाचणी करतो आम्ही. आलाबलाची कोण करणार?

आता आई फोनपासून वीतभर लांब, हवेतच हात फिरवते. कॉल कट होत नाही. बोटं मोडल्याचा आवाज इथे बंगळुरात कडकड ऐकू येतो... पण तो खरखरीत हात काही गालावर येत नाही. फार आठवण येते हो त्याची.

काल तर ती बोटं मोडत असताना मला राहवलंच नाही. कुणी बघत नाही असं बघून मी गाल स्क्रीनला टेकवला...

आणि कॉल कट! माझ्याच गालानं.

घाईघाईनं परत लावला. "आई, मी नाही गं ठेवला..."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "गाल लावला व्हता ना? मीबी लावते कधी कधी."