खाकी कव्हर

लेकीच्या कादंबरीला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलेलं दिसलं आणि मला हसू आलं. सतराव्या वर्षी कसली ही लपवाछपवी! उभ्या उभ्याच वाचायला लागले. त्यातली मुलगी चारचौघांत बोलायचं म्हटलं की घामाघूम होते, पण आवडत्या मालिकेतल्या पात्रांवर टोपणनावाने इंटरनेटवर गोष्टी लिहिते. त्या वाचणाऱ्या एका मुलावर तिचा जीव जडतो. एक दिवस वर्गात कुणीतरी तिची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवतं. त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : ‘आई’.

मागच्या दिवाळीत लेकीची अशीच एक गोष्ट मी तिच्या मोबाईलवरून पाहुण्यांना वाचून दाखवली होती. कौतुकानेच. सगळे हसले. ती चिवड्याच्या बशा घेऊन दारातच थबकली.

“आई, बास ना.”

“अगं, लाजतेस काय? घरचेच तर आहेत!”

आमच्या लहानपणी पाहुणे आले की आम्हालाही कविता म्हणून दाखवावी लागायची. तेव्हा मी दाराआड लपायचे, ते कशी विसरले?

पुस्तक घाईघाईने जागेवर ठेवलं. कव्हर कुणासाठी घातलं होतं ते आता कळलं. आणि हे पुस्तकही मी तिला न विचारताच उघडलं होतं.