गंजातली मरळ

गिऱ्हाईक समोर आलं की ती मासोळीवाली आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची आणि मग विचारायची, "कोनासाठी पायजे?" तुम्ही अड्याळच्या बाजारात कधी मासोळी घेतली असेल, तर तुम्हालाही तिने विचारलं असणार.

टोपल्यातले झिंगे कोणीही न्यावेत. पण मागे, पाणी भरलेल्या जर्मनच्या गंजात, त्या खोल पातेल्यात, एखादी जिवंत मरळ हळूहळू फिरत असायची. ती बाळंतिणीची, नाहीतर दुखण्यातून उठलेल्या माणसाची. एकदा गाडीतून उतरलेल्या साहेबांनी म्हणाल ती किंमत कबूल केली. "साहेब, तुमी तं धडधाकट दिसता," ती म्हणाली आणि माशा हाकलत बसली.

मी शाळेत नवा मास्तर, पगारदार आणि खाण्याचा हावरट. दर बाजाराला झिंगे घेऊन परतताना वाटायचं, या बाईच्या लेखी आपण कोणीच नाही. ते मनाला फार लागायचं. थंडीतल्या एका सकाळी तलावाकडून आलेलं धुकं बाजारात रेंगाळत होतं. माणसं अर्धवट दिसत होती, आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते. त्या धुक्यात मी ठोकून दिलं, "घरी बाळंतीण आहे."

तिचा चेहरा असा उजळला की क्षणभर मलाच ते खरं वाटलं. मरळ माझ्या पिशवीत आली. रस्सा झकास झाला होता.

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. घरात पाळणा हलला नव्हता.

पुढच्या आठवड्यात दुपारी दारात तीच उभी. हातात जुन्या लुगड्याचं शिवलेलं टोपरं. "लेकरू पाहाले आली."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. बाई काय समजायचं ते समजली. "पानी दे वं माय," म्हणत ती आत गेली. दोघी चुलीपाशी बसल्या. कितीतरी वेळ त्यांचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. अंगणातलं ऊन सरकत कुंपणापाशी गेलं. निघताना ती मला एवढंच म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी तुमच्या मांगून एक म्हातारा आला होता. त्याची सून खरंच बाळंतीण होती. त्याले मी झिंगे देल्ले."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते.

पुढच्या बाजाराला मी मान खाली घालून झिंगे मागितले. तिने गंजात हात घातला.

"न्या. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी."

"पण ती बाळंतीण नाही."

"मले समजत नाही का? जिच्या घरी लेकरू येते, तिलेच दुखते का?"

तेव्हापासून बाजार उठला की ती आमच्याकडे टेकायची. बायको तिच्या तळपायांना तेल चोळायची. दोघी काय बोलत, मी कधी विचारलं नाही. त्या ओसरीवर असल्या की घर भरल्यासारखं वाटायचं.

यंदा पोळ्याच्या आधी ती गेली. आम्ही तिच्या दारी पोचलो तेव्हा आत बायका दाटीने बसल्या होत्या. तिच्या सुनेने आम्हाला कधी पाहिलं नव्हतं. तिने विचारलं, "तुमी कोन लागता?"

मी चाचरलो, "आम्ही... मासोळी न्यायचो."

बायको मला मागे सारून पुढे झाली. म्हणाली, "मी लेक."

 सरकून सुनेने स्वतःशेजारी जागा करून दिली.