पाच रंग आणि दोन देश

मी माझ्या स्वतःच्या घरात, दिवसाढवळ्या, पाच रंगांची आणि दोन देशांची अदलाबदल केलेली आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे का सांगा! अठ्ठावीस वर्षं जळगावात चित्रकला शिकवणारा मी माणूस.

पण संतापाला कारण होतं. माझी मुलगी प्राजू नर्स झाली आणि जर्मनीला जायचं म्हणून जर्मन शिकायला लागली. एका रविवारी तिनं घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. केळ्यांच्या टोपलीवर ‘गेल्ब’, वांग्यांच्या टोपलीवर ‘ग्र्यून’, फ्रिजवर ‘रोट’, पाण्याच्या पिंपावर ‘ब्लाऊ’, छत्रीवर ‘श्वार्त्स’.

“हे काय आहे?”

“रंग आहेत पप्पा. पिवळा, हिरवा, लाल, निळा, काळा.”

मला रंग शिकवते! केळं चोपडा तालुक्यात पिवळं असतं, जळगावात पिवळं असतं. जर्मनीनं त्याला गेल्ब का करावं? आणि तिच्या पुस्तकात वांगं चक्क जांभळं! भरताचं वांगं हिरवं असतं एवढं ज्या देशाला माहीत नाही, तिथे माझी एकुलती एक मुलगी आजारी माणसं सांभाळणार?

एवढ्यावर थांबली असती तरी मी गिळलं असतं. पण तिनं माझी ओळख म्हणून माझ्या आरामखुर्चीवर ‘इंडिश’, म्हणजे भारतीय, आणि देव्हाऱ्यातल्या लुकलुकणाऱ्या माळेवर ‘शिनेसिश’, म्हणजे चिनी, अशी चिठ्ठी लावली. देवाच्या डोक्यावर!

“माळ चिनीच आहे ना पप्पा. तुम्हीच आणली.”

(आणली होती. स्वस्त होती.)

संध्याकाळी मायलेकी भाजीला गेल्या आणि मी उठलो. सगळ्या चिठ्ठ्या सोडवल्या. केळ्यांना ब्लाऊ, वांग्यांना रोट, फ्रिजला श्वार्त्स, पिंपाला गेल्ब, छत्रीला ग्र्यून. माळ इंडिश केली. तेवढंच देवाचं काम! उरलेली चिठ्ठी माझ्या खुर्चीला. कोपरे असे जुळवले की प्रदर्शनात ठेवावं. हिशेब सरळ होता: पोरगी चुकीचं पाठ करणार, मुलाखतीत आपटणार आणि जळगावातच राहणार. बाप म्हणून याहून सभ्य उपाय मला सुचला नाही.

प्राजू चिठ्ठ्यांकडे ढुंकूनही बघेना. मला वाटलं, मनात घोकत असेल. तीन महिने मी गालात हसत त्या चिनी खुर्चीत पेपर वाचला.

मग मुलाखत आली. व्हिडिओ कॉलवर तिथल्या वृद्धाश्रमाच्या मुख्य बाई. प्राजू धडाधड बोलली. लाल, निळं, औषधांच्या गोळ्यांचे रंग, सगळं बरोबर! मी दाराआड गार. शेवटी त्या बाईंनी आईवडिलांना बघायचं म्हटलं, आणि काय सांगू! माझी बायको सुनंदा जरीची साडी नेसून, ताटात केळं आणि वांगं घेऊन स्वयंपाकघरातून आली. नवरीसारखी लाजत होती.

“मॅडम, आईसुद्धा जर्मन शिकली आहे,” प्राजू इंग्रजीत म्हणाली. “चिठ्ठ्या तिच्यासाठीच लावल्या होत्या. वाक्य कसं जोडायचं ते मी सांगितलं, शब्द ती चिठ्ठ्या बघून रोज दुपारी एकटी पाठ करते.”

माझ्या पायाखालची फरशी सरकली.

सुनंदानं केळं उचललं. “डी बनाने इस्ट ब्लाऊ!”

प्राजूचं तोंड उघडं. पडद्यावरच्या बाईंचं हसू जागच्या जागी. सुनंदाला वाटलं, दोघी भारावल्या! तिनं वांगं उचललं. “रोट!” मग मला दाराआडून ओढून, उभ्या आयुष्यात माझ्याकडे एवढ्या अभिमानानं पाहिलं नसेल अशी पाहत म्हणाली, “माइन मान इस्ट शिनेसिश!”

माझा नवरा चिनी आहे.

बाईंनी मला निरखून पाहिलं. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

कॉल संपला. प्राजूची निवड झाली होती, पण ते सांगायला तिला वाव मिळेना.

“आई, अगं केळं निळं?”

“चिठ्ठीवर तसंच लिहेल शे!” सुनंदा शिंदखेड्याची, रडू आलं की माहेरची बोली येते. ती आतल्या खोलीत गेली, तिच्यामागे प्राजू. आणि मी? मी गुन्हेगार! दोन मिनिटांत सातही चिठ्ठ्या मूळ जागी लावून टाकल्या. कोपरे जुळवून.

प्राजू बाहेर आली, केळ्यांची टोपली बघितली. “आई, चिठ्ठी तर बरोबर आहे गं.”

सुनंदा आली. केळ्यांपाशी बराच वेळ उभी राहिली. मग छत्रीपाशी. मग माझ्या खुर्चीपाशी. “मन्हं डोकंच रिकामं शे,” एवढंच म्हणाली आणि सातही चिठ्ठ्या काढून चुलीजवळच्या डब्यात टाकल्या. मी पेपर डोळ्यांसमोर धरला होता. उलटा.

प्राजू गेली. दोन वर्षं झाली. त्या बाई अजून तिला विचारतात, “तुझे चिनी वडील कसे आहेत?” ते मी सोसतो. पण सुनंदा व्हिडिओ कॉलवर मागे कुणी जर्मन माणूस दिसला की फोन माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात जाते. आता प्राजू तिकडे बोलावते आहे. पासपोर्ट तयार आहेत. सुनंदा नाही म्हणते.

“तुम्ही जा. मी येऊन काय करू? सातवी शिकलेली बाई. केळ्याला निळं म्हणते. पोरीला मान खाली घालायला लावू का पुन्हा?”

आणि मी, तीन महिन्यांत जर्मन पाठ करणाऱ्या त्या बाईला, “बघू,” म्हणतो!

काल डबा उघडला. चिठ्ठ्या तिनं जपून ठेवल्या आहेत. तिचं एकही अक्षर चुकलं नव्हतं, सगळं जसं लिहिलं तसं पाठ होतं, चुकलेला फक्त नवरा होता. एवढंच वाक्य तिच्यासमोर उभं राहून बोलायचं आहे. अजून बोललो नाही.

सुनंदाचे पाच रंग आणि दोन देश माझ्याकडे बाकी आहेत.